बाळंतिणीच्या खोलीतली बॅटरी

माझ्या नाकावर राग असतो, हे मला ओळखणारं कुणीही सांगेल. म्हातारपणी तो कमी झालाय म्हणतात, पण म्हणणारे माझ्या तोंडावर म्हणतात, तेव्हा त्यात किती खरं ते देव जाणे. आज सांगणार आहे ती गोष्ट मात्र रागाची कमी आणि उपकारांची जास्त. एका माणसाने माझी बॅटरी दुरुस्त करून दिली, घडलं ते एवढंच. पण त्याची आठवण झाली की अजून माझे हात आपोआप जोडले जातात.

बॅटरी म्हणजे हातात धरायची, दोन सेलची. टॉर्च वगैरे साहेब लोकांचे शब्द. स्वातंत्र्य मिळून काही वर्षं झाली होती. मी बदलापूरच्या दवाखान्यात सुईण होते, रीतसर शिकून परीक्षा दिलेली, म्हणून लोक नर्सबाई म्हणत. गावातली बाळंतपणं होतीच, पण मला जास्त चालायला लागायचं ते बारवी नदीच्या अंगाला, डोंगरातल्या वाड्यांवर. धरण तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. खांद्याला पिशवी, पिशवीत कात्री, चिमटा, बोळे, डेटॉल, आणि हातात ही बॅटरी.

आता कुणी म्हणेल, दिवसाउजेडी जायचं तर बॅटरी कशाला? त्यांनी ती घरं पाहिली नाहीत. कारवीचा कूड, त्याला शेणामातीचा लेप, वर गवताचं छप्पर, खिडकीचं नाव नाही. त्यातून बाळंतपण जवळ आलं की घरातली म्हातारी कुडाची उरलीसुरली भोकंसुद्धा चिंध्यांनी बुजवायची आणि दाराला घोंगडी टांगायची. बाळंतिणीला वारा लागू नये, बाहेरची नजर लागू नये. भर दुपारी आत पाऊल टाकलं तरी आपला हात आपल्याला दिसायचा नाही. रॉकेलची चिमणी असायची, पण लांब कोनाड्यात. खाली गवत, वर गवत, ती जवळ आणायची सोय नाही. एकदा मी हट्टाने आणली, तर माझाच पदर करपला.

त्या वर्षी एका वाडीवर एक बाई पोटुशी होती. अंगाने बारीक, बोलणं कमी, डोळे मोठे. तिची आधीची दोन्ही मुलं जन्मतःच गेली होती. दोन्ही वेळा तिच्या सासूने अंधारात चाचपून तिला मोकळी केलेली. मुलं कशाने गेली ते कुणाला दिसलंच नाही, तर सांगणार काय? मी विचारलं की सगळे जमिनीकडे बघायचे. हे तिसरं होतं. ह्या वेळी काय होतंय ते मला डोळ्यांनी दिसलं पाहिजे, एवढंच मला हवं होतं.

तिच्या सासूशी मी किती भांडले असेन! मी म्हणायची, दार उघडं ठेवा. ती म्हणायची, आमच्यात ठेवत नाहीत. मी म्हणायची, निदान एक भोक उघडं ठेवा. ती म्हणायची, तू घरी जा. वाईट नव्हती हो म्हातारी. दोनदा घरात असं झालेलं, तेव्हा ती आणखी घट्ट बुजवत होती, आणि त्याच अंधाराने माझं डोकं फिरत होतं. शेवटी एक दिवस मी म्हटलं, बरं, दार बंद राहू दे, घोंगडी राहू दे, पण ही बॅटरी माझ्याबरोबर आत येईल. तिने बॅटरी हातात घेतली, काचेवर बोट फिरवलं, हुंगून पाहिली. हिला धूर नाही, मग चालेल, म्हणाली. माझा जीव भांड्यात पडला.

दसरा झाल्यावर चार दिवसांनी मी तिला तपासायला गेले. खालची पापणी ओढून अंगात रक्त किती आहे ते बघत होते, तर बॅटरी मिचमिचायला लागली. लागली, गेली, लागली, गेली. मी हलवली की लागायची, जरा वळवली की जायची. दोन थपडा दिल्या, तर पार विझली. मी तिथल्या तिथे बॅटरीला नाही नाही ते बोलले. ती बाई आडवी पडून सगळं बघत होती. मग तिने माझं मनगट धरलं.

"बाय, तवा बी आशीच करंल का ही?"

मी म्हटलं, नाही करणार. म्हणून बसले, आणि उतरताना पायवाटेभर बॅटरी लावून-विझवून बघत राहिले. तिचे दिवस भरायला तीन आठवडे राहिले होते.

बदलापुरात आल्या आल्या मी बाजारातल्या दुकानदाराकडे गेले. सेल त्याच्याकडचेच होते. मी दुकानाच्या पायरीवरूनच सुरू केलं, की जुने सेल गळ्यात मारता का, माणसाच्या जिवाशी खेळता का. चार गिऱ्हाइकं उभी होती, ती मागे सरकली.  दुकानदाराने माझे सेल काढले, आपल्या बॅटरीत घातले आणि बटण दाबलं. स्वच्छ उजेड! त्याने ती खाली-वर हलवली, तरी तसाच. माझ्या तोंडात मारल्यासारखं झालं. तिथे माफी मागावी की नाही? मी म्हटलं, मग तुमचा बल्बच वाईट असेल. त्याने निमूट बल्ब बदलून दिला. घरी येईपर्यंत बॅटरी पुन्हा मिचमिचली.

मग मी घरी वैद्यकी सुरू केली. आतली स्प्रिंग ओढून लांब केली. बल्बचं बूड पॉलिश-कागदाने घासलं. टोपण दोन्ही हातांनी इतकं आवळलं, की ते उघडायला पुढे फडका गुंडाळायला लागला. सेलच्या बुडाशी सिगारेटच्या पाकिटातली चांदी घडी करून बसवली, आणि काय सांगू, लागली! दोन दिवस एकसारखी जळत होती. मी खूश. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात एका पोराचा घसा बघायला बॅटरी वाकडी केली, आणि पोराने आ केला तसा उजेड गेला. ते पोर हसलं, मी नाही हसले. हाच प्रकार त्या खोलीत झाला असता तर?

पुन्हा त्याच दुकानात जायला लाज वाटत होती, पण गेले. दुकानदार म्हणाला, बाई, सेल चांगले, बल्ब चांगला, आता दुखणं बॅटरीच्या अंगात असणार, ते माझ्या हातचं नाही. उल्हासनगरला कॅम्पात एक सिंधी म्हातारा आहे, बराकीच्या ओट्यावर बसतो, त्याच्याकडे न्या. मी त्याला एवढं टाकून बोललेली, आणि त्याने कागदावर बराकीपर्यंतचा रस्ता काढून दिला. कुठे वळायचं, कुठे हातपंप लागेल, सगळं.

रविवारी सकाळी मी गाडीने गेले. उल्हासनगर तेव्हा नवंच होतं. लष्कराच्या जुन्या बराकी, एकेका बराकीत ताडपत्री नाहीतर गोणपाट लावून केलेली बिऱ्हाडं, ओळीने वाळत घातलेले पापड, आणि जो तो काहीतरी बनवतोय नाहीतर विकतोय. म्हातारा खोक्यावर बसला होता. जाड भिंगांचा चष्मा, त्याला कानामागून दोरी. समोर फडक्यावर दहा-बारा हत्यारं मांडलेली. फाळणीत सिंधमधून येताना एवढंच आणता आलं, असं तो नंतर बोलण्याच्या ओघात म्हणाला, तक्रार म्हणून नव्हे.

मला वाटलं, तो लगेच बॅटरी खोलेल. कसचं! हिंदीत विचारायला लागला, की कधी बिघडली, उभी धरल्यावर जाते की आडवी, तुम्ही काम करताना कशी धरता. मी धरून दाखवली. म्हणाला, आता ती लावा आणि ओट्यावर चाला. मी म्हटलं, मी दुरुस्तीला आलेय, कवायतीला नाही. तो म्हणाला, चालायला तर लागेल. मग काय, रविवारच्या सकाळी पदर खोचून, हातात पेटलेली बॅटरी घेऊन मी त्या ओट्यावर येरझारा घालतेय आणि पापडवाल्या बाया हात थांबवून बघताहेत. राग असा आला होता! पण त्याची नजर बॅटरीवरून हलली नाही. मी वळताना ती जाते, हे त्याने हेरलं.

मग त्याने सामान वेगळं केलं. आधी सेलवर बल्ब टेकवून तारेने जोडून दाखवला. एकसारखा उजेड. म्हणजे दोन्ही निर्दोष. मग सेल बॅटरीत घालून खालचं टोपण न लावताच, सेलच्या बुडापासून बॅटरीच्या पत्र्याच्या काठापर्यंत तार धरली. बटण दाबलं, हलवलं, आपटलं, तरी उजेड तसाच. मी आता राग विसरून खाली बसले होते. त्याने मला समजावलं, की करंट सेलमधून बल्बात जातो, बल्बातून बटणावाटे ह्या पत्र्यात, पत्र्यातून खाली टोपणात, आणि टोपणातल्या स्प्रिंगेतून परत सेलमध्ये. एवढा फेरा पुरा झाला तरच उजेड. मग त्याने तार काढली आणि टोपण फिरवून बसवलं. हलवली, की मिचमिच.

दुखणं टोपणात होतं. त्याने भिंग लावून टोपणाचे आटे, म्हणजे फिरवून बसवायच्या खाचा, बघितले, सुईने एक आटा खरवडला आणि सुईचं टोक माझ्यापुढे धरलं. त्यावर तांबडं-पिवळं, तेलकट, घट्ट काहीतरी होतं. त्याने ते हुंगलं. मग माझ्याकडे बघून विचारलं,

"अदी, इसकी पूजा करती हो?"

अदी म्हणजे त्यांच्यात ताई. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कारण आता सगळं माझ्या डोळ्यांसमोर आलं. आमच्यात खंडेनवमीला हत्यारांची पूजा करतात. सुतार करवतीची करतो, शेतकरी विळ्याची, तशी मी कात्री, चिमटा आणि बॅटरीची करायची. नुसती करायची नाही, तर बॅटरी पुरती खोलून, अंग वेगळं, टोपण वेगळं, काच वेगळी, एकेका भागाला खोबरेल लावून, पुसून, ओल्या हळदीकुंकवाची बोटं उठवायची. गंजू नये म्हणून आट्यांना तेल जरा जास्तच. तीन वर्षं हे चाललं होतं. आणि यंदा त्या बाईचं तिसरं बाळंतपण डोळ्यांसमोर होतं, म्हणून मी टोपणाला आतून-बाहेरून चांगलं भरभरून कुंकू लावलं होतं आणि हात जोडून तिच्यासाठी मागितलं होतं, की बाई गं, तिच्या वेळी दगा देऊ नकोस. वर मिचमिचायला लागल्यावर टोपण आवळून आवळून ते सारं मीच आट्यांत ठासलं. सेलला दोष दिला, बल्बला दिला, दुकानदाराला चारचौघांत बोलले, आणि वाट अडवून बसलं होतं माझंच कुंकू.

मी त्याला खरं ते सांगितलं. त्या बाईचंही सांगितलं. दुसरा कुणी असता तर हसला असता, आणि मला ते चालणारही होतं. तो हसला नाही. त्याच्याजवळ तेलाने काळा झालेला फडका होता, तो त्याने बाजूला ठेवला. उठून आत गेला आणि धुतलेल्या पांढऱ्या कापडाचा एक तुकडा फाडून घेऊन आला. टोपण आधी कपाळाला लावलं, मग सुईने आणि रॉकेलमध्ये भिजवलेल्या दोऱ्याने एकेक आटा पुसून काढला. टोपणाचे झाले, मग बॅटरीच्या काठाचे. निघालेलं कुंकू सगळं त्या पांढऱ्या कापडावर घेतलं, त्याची पुरचुंडी बांधली आणि माझ्या हातात दिली. हे फेकू नका, घरी तुळशीत घाला, म्हणाला. माझे डोळे भरून आले. घरदार सोडून आलेला माणूस तो, माझ्या वेडेपणाचासुद्धा त्याने मान राखला.

"पूजा ऊपर से करो, अदी," तो म्हणाला. "अंदर करंट को रास्ता दो."

त्यानंतर त्याने मला पुन्हा ओट्यावर चालायला लावलं आणि ह्या खेपेला मी निमूट चालले. बॅटरी एकदाही गेली नाही. तरी तो सोडेना. माझ्याकडून टोपण तीनदा उघडून घेतलं, तीनदा लावून घेतलं, आटे कोरड्या कापडाने कसे पुसायचे ते करून घेतलं. तिथे डोंगरात मी काही येणार नाही, तुम्हालाच जमलं पाहिजे, म्हणाला. पुढे दिवाळीनंतर नव्या भाताचे पोहे घेऊन मी त्याला देऊन आले. नाव काही विचारलं नाही, आणि आता विचारायला तो नाही.

परत येताना त्या दुकानात गेले. गिऱ्हाइकं होती तेवढी होती, त्यांच्यासमोरच माफी मागितली. चारचौघांत बोलले होते, तर माफीही चारचौघांत. दुकानदार म्हणाला, बसा बाई, पाणी घ्या. असली माणसं मला भेटत गेली आणि मी त्यांच्यावर ओरडत गेले, असा माझा सगळा जन्म गेलाय.

भातकापणी ऐन रंगात असताना एका सकाळी त्या बाईचा नवरा धावत दवाखान्यात आला. हातात विळा तसाच. मी पिशवी उचलली आणि निघाले. नदी गुडघाभर होती. वाडीवर पोचले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं, शेतांतून लख्ख उजेड, आणि घोंगडी सारून आत गेले तर काळोख. कण्हणं तेवढं ऐकू येत होतं. मी बटण दाबलं. उजेड पडला आणि तिने डोळे उघडून आधी बॅटरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

मला दोन्ही हात हवे होते, म्हणून बॅटरी तिच्या सासूच्या हातात दिली. म्हातारीने आयुष्यात अशी वस्तू पेटलेली धरली नव्हती. मी सांगितलं, मी सांगेन तिकडे धरायची, दुसरीकडे बघायचं नाही. उजेड भिंतीवर हलत होता, पण जात नव्हता. तास-दीड तास गेला. डोकं दिसलं. मी म्हटलं, जवळ आण, खाली धर. आणि मग मला ते दिसलं. नाळ मानेभोवती आली होती, एक नाही, दोन वेढे. अंधारात चाचपणाऱ्या हाताला ती मानेची वळी वाटली असती. मी बाईला म्हटलं, आता जोर करू नको, नुसता श्वास घे. बोट घालून पहिला वेढा डोक्यावरून काढला, मग दुसरा. बॅटरी तशीच जळत होती. मी मनात त्या म्हाताऱ्याला दंडवत घातलं.

मुलगी झाली. निळसर, गप्प. मी तोंड पुसलं, पाठ चोळली, तळपायाला टिचक्या मारल्या.  बाहेर खळ्यावर झोडपणीचा आवाज चालला होता तो थांबला. मग ती रडली. आधी बारीक, मग चांगली ठणठणीत. बाहेर बाप ओरडला की रडला, कळलं नाही. मी तिथेच गवतावर बसले.

नाळ कापली, वार पडली, ती पुरी आहे ना ते उजेडात फिरवून बघितलं, बाईला पुसून आडवी केली. मुलीला फडक्यात गुंडाळलं. सासूने पेटलेली बॅटरी खाली ठेवली आणि नजर लागू नये म्हणून रीतीप्रमाणे मुलीला घेऊन मागच्या कोपऱ्यातल्या काळोखात निघाली. तेव्हा ती बाई कोपरावर उठली.

"आत्ये, मना दाव," ती सासूला म्हणाली. "त्या दोघांचं तोंड मी नाय बघितलं."

माझ्या हातातला बोळा तसाच राहिला. मी तिला किती प्रश्न विचारले होते, कशाने गेली, किती वेळ लागला, रडली होती का. हे मात्र कधी विचारलं नव्हतं. दोन्ही वेळा अंधारातच गुंडाळून बाहेर नेलेली, आणि हिच्या कुशीला फक्त ती होती एवढं माहीत.

सासू मुलीला घेऊन तशीच उभी राहिली. मला वाटलं, आता म्हणेल, आमच्यात दाखवत नाहीत. ती परत आली. गुडघे टेकून खाली बसली, मुलीला आईच्या छातीशी ठेवलं, फडकं बाजूला केलं आणि बॅटरी उचलली. डोळ्यांवर उजेड येऊ नये म्हणून काचेवर आपला पंजा आडवा धरला. बोटांच्या फटींतून उजेड त्या एवढ्याशा तोंडावर पडला. मुलीने तोंड वाकडं केलं.

बाई बघत राहिली. कपाळ, भुवया, नाक, हनुवटी. मग म्हातारी हळूच म्हणाली,

"मी बी नव्हतं बघितलं गं. माझ्याच हातांनी नेली, पन बघायला धीर नाय झाला."

सुनेने मुलीवरचा एक हात काढला आणि सासूच्या मांडीवर ठेवला. मग आम्ही तिघी त्या मुलीकडे बघत बसलो. बॅटरी बंद कर असं कुणीच म्हटलं नाही.